चॅम्पियन्स लीगची रचना बदलली, पण आत कोणाला घेतात त्याचं काय?

जागरे (धागाकर्ता)

युरोपातल्या फुटबॉल क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स लीग. तिच्या ३६ संघांच्या नव्या रचनेचं (सगळ्यांचा एकच तक्ता, प्रत्येकी आठ सामने, शेवटचे बारा बाहेर) पहिल्याच वर्षी, २०२४-२५ मध्ये, बरंच कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. साखळीच्या शेवटच्या रात्री, २९ जानेवारी २०२५ ला, अठराच्या अठरा सामने एकदम सुरू झाले. आपल्याकडे रात्रीचा दीड. मध्यंतराला मँचेस्टर सिटी ब्रुजविरुद्ध ०-१ ने मागे आणि गुणतक्त्यात चक्क स्पर्धेबाहेर! पुढे ३-१ ने जिंकून वाचली, पण तो पाऊण तास विसरणार नाही. रात्रभरात ६४ गोल झाले. जुन्या चार-चारच्या गटांत शेवटच्या फेरीला निम्म्या मैदानांवर राखीव खेळाडूंचा सराव चालायचा, त्या मानाने हे कितीतरी बरं. रचनेबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रवेशाबद्दल, आणि धागा त्यासाठीच काढलाय.

३२ चे ३६ संघ केले तेव्हा चार जागा वाढल्या. त्यातली एक गेली पाचव्या क्रमांकाच्या देशाच्या तिसऱ्या संघाला, म्हणजे फ्रान्सला. दोन ठेवल्या आदल्या मोसमात युरोपात सरासरी सर्वांत चांगली कामगिरी करणाऱ्या दोन देशांसाठी. पहिल्या वर्षी हे देश निघाले इटली आणि जर्मनी, दुसऱ्या वर्षी इंग्लंड आणि स्पेन. आश्चर्य वाटलं का कुणाला? उरलेली एकुलती एक जागा छोट्या देशांच्या विजेत्यांच्या पात्रता फेरीला मिळाली. मांडव वाढवला, पण जास्तीची पानं त्याच घरांसाठी मांडली.

या 'कामगिरी'च्या जागांची जन्मकथाही बघा. १८ एप्रिल २०२१ ला बारा बड्या क्लबांनी आपली वेगळी, फुटीर सुपर लीग जाहीर केली. दुसऱ्या दिवशी उएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, नवी रचना मंजूर केली, तिच्यात प्रत्येकी दहा सामने होते आणि दोन जागा चक्क जुन्या पुण्याईवर, म्हणजे क्लबच्या कोएफिशंटवर (मागच्या काही वर्षांच्या युरोपातल्या निकालांच्या गुणांवर) द्यायच्या होत्या. चाहत्यांनी आरडाओरडा केल्यावर १० मे २०२२ ला व्हिएन्नाच्या बैठकीत दहाचे आठ सामने झाले आणि पुण्याईच्या जागा गेल्या. त्यांच्या बदल्यात ह्या आल्या. पूर्वी क्लबच्या नावावर जागा राखणार होते, आता देशाच्या नावावर राखतात.

दुसऱ्या टोकाला स्लोव्हान ब्रातिस्लावा. स्लोव्हाकियाचे विजेते. जुलैत पहिल्या पात्रता फेरीपासून सुरुवात करून स्ट्रुगा, त्सेल्ये, अपोएल आणि मिटयिलंड अशा चार लढती, म्हणजे आठ सामने खेळून आत आले. आत आल्यावर आठही सामने हरले. तरी मला त्यांचं अप्रूप आहे, कारण आपल्या देशाची लीग जिंकून, चार उंबरे ओलांडून ते तिथवर पोचले होते. चौथ्या किंवा पाचव्या क्रमांकावर आलेला इंग्लिश क्लब ऑगस्टमध्ये अमेरिकेत मैत्रीपूर्ण सामने खेळून थेट सप्टेंबरात उगवतो.

आता पैसा. २०२४ ते २०२७ च्या चक्रात चॅम्पियन्स लीगच्या क्लबांना वर्षाला २४६.७ कोटी युरो वाटले जातात. त्यातला २७.५ टक्के सगळ्यांना सारखा, प्रत्येकी १.८६२ कोटी युरो. ३७.५ टक्के निकालांवर, एका विजयाला २१ लाख युरो. आणि उरलेला ३५ टक्के 'मूल्या'वर, म्हणजे तुमच्या देशातल्या टीव्हीच्या बाजारावर आणि तुमच्या गेल्या पाच-दहा वर्षांच्या इतिहासावर. मैदानात ह्या मोसमात काय केलं याच्याशी त्या ३५ टक्क्यांचा काही संबंध नाही.

माझा प्रस्ताव असा. कामगिरीच्या दोन जागा बंद करा. पहिल्या चार लीगमधल्या चौथ्या संघाला थेट प्रवेश नको, त्याने ऑगस्टमध्ये पात्रता फेरी खेळावी. मोकळ्या झालेल्या सहा जागांपैकी तीन पुढच्या तीन देशांच्या विजेत्यांना थेट द्या, तीन बिगर-विजेत्यांच्या पात्रता मार्गाला. आणि ते ३५ टक्के निदान निम्म्यावर आणा. तुटून पडा.

ऑफसाइड आबा

जागरे, लेख झकास. पण "फक्त विजेत्यांनाच प्रवेश" ह्या जुन्या जमान्याचे गोडवे गाणारे आता येतीलच, त्यांच्यासाठी आधीच लिहून ठेवतो, कारण तो जमाना मी पेपरातून पाहिलाय. दोन दिवसांनी एका ओळीत निकाल यायचा.

१९५५ मध्ये लेकीप दैनिकाच्या गाब्रिएल आनोच्या कल्पनेतून युरोपियन कप सुरू झाला. सरळ बाद फेरी, मानांकन नाही. १९७८ मध्ये पहिल्याच फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टने गतविजेत्या लिव्हरपूलला घरी पाठवलं. १९८७ मध्ये मॅराडोनाचं नापोली आणि रेआल माद्रिद पहिल्याच फेरीत समोरासमोर! नापोली सप्टेंबरातच बाहेर. चाहत्यांना पर्वणी, पण मिलानचे मालक बेर्लुस्कोनी यांच्या पोटात गोळा आला. एवढे पैसे ओतायचे आणि दोन रात्रींत खेळ खलास? त्यांनी माणसं लावून युरोपियन लीगचा आराखडा बनवून घेतला, आणि तिथून पुढचं सगळं रामायण.

क्रम लावून बघा. बेर्लुस्कोनींच्या दबावानंतर गट आले, १९९२ ला नाव चॅम्पियन्स लीग झालं. १९९७ ला उपविजेते आत आले. १९९८ ला मीडिया पार्टनर्स नावाच्या कंपनीने फुटीर लीगची हूल दिली आणि १९९९ मध्ये स्पर्धा ३२ संघांची झाली, मोठ्या देशांचे चार-चार संघ, आणि देशोदेशीच्या कपविजेत्यांचा कप विनर्स कप बिचारा कायमचा गेला. लाझिओने व्हिला पार्कवर मायोर्काला २-१ ने हरवलं तो शेवटचा. २०१६ ला परत कुजबुज, आणि २०१८ पासून चारही संघ थेट आत. २०२१ चं तुम्ही लिहिलंच आहे. प्रत्येक वेळी धमकी आधी आणि सुधारणा नंतर. ह्या माळेत तुमच्या प्रस्तावामागे कुणाची धमकी आहे ते सांगा, मग चर्चा करू. 🙂

रंकाळा विंगर

आबा 😂 पण उएफाचे तेव्हाचे अध्यक्ष प्लातिनी यांना विसरलात. २००९ ला त्यांनी पात्रता फेरीचे दोन मार्ग केले, विजेत्यांचा वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा. त्यामुळे सायप्रसच्या विजेत्यांना इंग्लंडच्या चौथ्या संघाशी भिडायची वेळ येईना. २०११-१२ मध्ये अपोएल निकोसिया उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलं, वाटेत लियाँला पेनल्टीवर काढलं. ती सुधारणा कुठल्याच धमकीतून आली नव्हती, छोट्या देशांच्या मतांतून आली होती. म्हणजे होऊ शकतं राव.

कडवट कॉफी

सगळं खरं, पण मला एक सांगा, हे बघणार कोण? जागरे यांनी मोठ्या खुबीने एक गोष्ट लिहायची टाळली. २०२४-२५ ला विजेत्यांच्या मार्गाने पाच संघ आत आले: दिनामो झाग्रेब २५ वे, रेड स्टार बेलग्रेड २९ वे, स्पार्टा प्राग ३१ वे, स्लोव्हान ३५ वे, यंग बॉईज ३६ वे. पाचच्या पाच बाहेर. त्यातल्या दोघांचे शून्य गुण. तुम्हाला असे अजून तीन संघ हवेत?

मी रात्री दीडला उठतो तो सामना बघायला. माणुसकीचा प्रयोग बघायचा तर दिवसा बघेन.

जागरे

टाळली नव्हती, तुमच्यासाठी ठेवली होती. 😄

त्याच तक्त्याची खालची बाजू पूर्ण वाचा की. लाइपझिग ३२ वे, जिरोना ३३ वे, प्रत्येकी ३ गुण. हे तर जर्मनी-स्पेनचे, आणि लाइपझिग तर पहिल्या पॉटमधलं, म्हणजे मानांकनात सर्वांत वरच्या नऊमधलं. कामगिरीच्या जागेवर आलेलं बोलोन्या २८ वं, एक विजय. त्यांना कुणी म्हटलं का की तुमच्यामुळे रात्र वाया गेली?

आणि त्याच वर्षी बोडो/ग्लिम्टचं काय झालं बघा. विजेत्यांच्या मार्गाच्या शेवटच्या फेरीत रेड स्टारकडून हरले म्हणून चॅम्पियन्स लीगचं दार बंद झालं, युरोपा लीग या दुसऱ्या पातळीच्या स्पर्धेत पडले, आणि तिथे लाझिओला पेनल्टीवर काढून थेट उपांत्य फेरीत. युरोपियन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचलेला पहिला नॉर्वेजियन क्लब. आर्क्टिक वृत्ताच्या वरचं पन्नासेक हजार वस्तीचं गाव, कृत्रिम गवत, आणि रोमवाले थंडीत कुडकुडतायत. त्यांच्यासाठी मी दीडला उठेन.

गणिती

कोण किती गुणांनी बाहेर गेलं यावर भांडण्याआधी ही साखळी मोजते काय ते बघा. मी बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळलोय, म्हणून ही साखळी "स्विस पद्धती"ची आहे असं ऐकून आधी आनंद झाला होता. बुद्धिबळात दर फेरीनंतर सारख्या गुणांच्या खेळाडूंची जोडी लागते. तुम्ही जिंकत गेलात की प्रतिस्पर्धी आपोआप तगडे होत जातात, म्हणून कमी फेऱ्यांतही क्रमवारी बऱ्यापैकी खरी निघते. उएफाने यातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्रच काढून टाकलं. आठही प्रतिस्पर्धी ऑगस्टमध्येच ठरतात, नऊ-नऊच्या चार पॉटमधून प्रत्येकी दोन, एक घरी आणि एक बाहेर. कारण उघड आहे, प्रवास, पोलिस, टीव्ही, तिकिटं, हे सगळं दोन आठवड्यांत जमत नाही. पण मग ३५ पैकी फक्त ८ जणांशी खेळून सगळ्यांना एकाच तक्त्यात बसवणं जरा धाडसाचं होतं.

उदाहरण घ्या. पॅरिसला २०२४-२५ ला मिळाले सिटी, बायर्न, आर्सेनल, ॲटलेटिको, पीएसव्ही, साल्झबुर्ग, जिरोना, श्टुटगार्ट. १३ गुण, १५ वा क्रमांक. लिव्हरपूल २१ गुणांनी पहिलं. बक्षीस म्हणून लिव्हरपूलला उपउपांत्यपूर्व फेरीत कोण मिळालं? पॅरिस! पहिला सामना लिव्हरपूलने पॅरिसमध्ये १-० ने काढला, घरी ॲनफिल्डला तेवढ्यानेच हरले आणि पेनल्टीवर गारद. तेच पॅरिस म्युनिकच्या अंतिम सामन्यात इंटरला ५-० ने तुडवून विजेते. म्हणजे १५ वा क्रमांक संघाचा दर्जा सांगत होता की ड्रॉचा?

आणि दिनामो झाग्रेब. ११ गुण. २४ वं ब्रुज, तेही ११ गुण. ब्रुजचा गोलफरक उणे ४, दिनामोचा उणे ७. आता मागे जा, १७ सप्टेंबर, पहिलीच रात्र, म्युनिकमध्ये बायर्नकडून दिनामो २-९ ने हरलं, केनचे चार गोल. ती हार २-६ असती तर गोलफरक सारखा झाला असता आणि केलेल्या गोलांवर दिनामो पुढे गेलं असतं, कारण त्यांचे १२ गोल होते आणि ब्रुजचे ७. सप्टेंबरच्या त्या रात्री शेवटच्या पंधरा मिनिटांत बचाव करायचं सोडलं, त्याची किंमत जानेवारीत मोजली. जुन्या गटात दोन पराभव धुवून काढता यायचे, कारण त्याच संघाशी परत गाठ पडायची.

एवढं करून १४४ सामन्यांत बाहेर किती जातात? बारा. एकूण सामने १२५ चे १८९ झाले.

रंकाळा विंगर

ते २-६ चं गणित जबरी. नाद खुळा.

पिवळी_भिंत

मी गेली काही वर्षं डॉर्टमुंडमध्ये राहते आणि जागरेंच्या धाग्यात माझ्या क्लबचं नाव येणार हे दिसतच होतं, म्हणून स्वतःच येते. २०२३-२४ मध्ये डॉर्टमुंड जर्मनीच्या बुंडेसलिगात पाचवं आलं. त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत गेलं, जर्मनीची सरासरी त्यामुळेच वर गेली, जर्मनीला जादा जागा मिळाली आणि ती मिळाली पाचव्या क्रमांकाला. म्हणजे आम्हालाच. स्वतःच्या तिकिटाचे पैसे स्वतःच भरले म्हणा हवं तर. त्यामुळे "कामगिरी" हा शब्द आमच्या बाबतीत अगदीच पोकळ नव्हता, एवढं नोंदवते.

तरीही इथला चाहता ह्या सुधारणेच्या विरोधातच होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूकॅसलविरुद्धच्या सामन्यात दक्षिणेच्या स्टँडमधून, म्हणजे आमच्या पिवळ्या भिंतीतून, मैदानात खोट्या नोटा आणि सोन्याच्या नकली विटा फेकल्या गेल्या, खेळ थांबवावा लागला. मॅच बघायला गेलेल्या कुटुंबांना आधी कळेचना काय चाललंय. फलक उएफाच्या विरोधात होते. गंमत अशी की काही महिन्यांनी त्याच सुधारणेने आम्हाला आत घेतलं, आणि तेव्हा कुणी तिकीट परत केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी पण नाही केलं.

पण एक मुद्दा मांडते. चार घरचे सामने म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा पाहुणा, आणि जो घरी येतो त्याच्याकडे तुम्ही जात नाही. ह्या लढतीत परतफेडच राहिली नाही. पूर्वी एकाच संघाकडे जायचं आणि त्याने आपल्याकडे यायचं, त्यातून खुन्नस तयार व्हायची. आता ड्रॉ बघून सहली आखतात लोक.

कडवट कॉफी

ताई, प्रामाणिकपणाबद्दल सलाम. हेच म्हणतोय मी. सगळ्यांना तत्त्व हवंय, आपली जागा जाईपर्यंत.

आता टॉटनहॅमचं काय करायचं ते पण सांगा. प्रीमियर लीगमध्ये १७ वे. सतरावे! खाली फक्त उतरणारे तीन. आणि युरोपा लीग जिंकून २०२५-२६ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये. अंतिम सामन्यात समोर कोण, तर १५ वं आलेलं मँचेस्टर युनायटेड. इंग्लंडचे सहा क्लब झाले एका स्पर्धेत.

जागरे

टॉटनहॅमला माझा अजिबात विरोध नाही. त्यांनी करंडक जिंकलाय. बिल्बाओत युनायटेडला १-० ने हरवून जिंकलाय, उपांत्य फेरीत त्याच बोडोला काढून जिंकलाय. युरोपियन स्पर्धा जिंकणाऱ्याला युरोपियन स्पर्धेत जागा, यापेक्षा साधा नियम कुठला? सहा क्लब झाले ते न्यूकॅसलच्या पाचव्या क्रमांकामुळे. सतराव्याने काहीतरी जिंकलं, पाचव्याने काय जिंकलं?

करंडकाला किंमत राहिली नाही हे बघायचं असेल तर क्रिस्टल पॅलेसकडे बघा. मे २०२५ मध्ये सिटीला १-० ने हरवून एफए कप, क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा करंडक. त्यावर युरोपा लीगचं तिकीट. आणि मग कळलं की जॉन टेक्स्टर यांचे पैसे पॅलेसमध्येही आहेत आणि लियाँमध्येही. दोन क्लब एका मालकाच्या प्रभावाखाली असतील तर एकाच स्पर्धेत खेळता येत नाही, आणि ज्याचा आपल्या लीगमधला क्रमांक वर तो राहतो. लियाँ सहावं, पॅलेस बारावं. पॅलेसला ढकललं तिसऱ्या पातळीच्या कॉन्फरन्स लीगमध्ये, युरोपा लीगमधली त्यांची जागा मिळाली नॉटिंगहॅम फॉरेस्टला. ऑगस्टमध्ये क्रीडा लवादानेही अपील फेटाळलं. मालकीची घडी बसवायची मुदत १ मार्च होती, तेव्हा पॅलेस कपच्या उपांत्य फेरीतसुद्धा पोचलं नव्हतं!

रंकाळा विंगर

आणि त्याच्या आधीच्या वर्षी सिटी आणि जिरोना, दोन्हीकडे तेच मालक, आणि दोघंही चॅम्पियन्स लीगमध्ये. जिरोनाचे शेअर एका ट्रस्टकडे ठेवले आणि झालं काम. वकील वेळेवर जागा झाला की नियम पाळला जातो. पॅलेसचा वकील झोपला असावा, दुसरं काय. आयर्लंडच्या ड्रोहेडा युनायटेडला तर कॉन्फरन्स लीगमधून थेट बाहेरच काढलं. कप जिंकलेला छोटासा क्लब. त्यांच्यासाठी वर्षाचं बजेट असतं ते.

आमच्या कोल्हापुरात एका पेठेचा पैसा दोन तालमींच्या संघांत लागलाय असं कळलं तर शाहू स्टेडियमवर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

गणिती

पैशाचं मात्र उलट टोकही बघायला हवं, जागरे. छोट्या देशांच्या विजेत्यांना जास्त जागा दिल्या तर त्या देशातली स्पर्धा मरते. बल्गेरियात लुडोगोरेट्सने २०१२ पासून २०२५ पर्यंत सलग चौदा विजेतेपदं घेतली. बेलारूसमध्ये बाटे बोरिसोवने सलग तेरा. एकदा युरोपात गट गाठला की तो एक चेक घरच्या बाकी सगळ्या क्लबांच्या बजेटपेक्षा मोठा असतो. मग तोच क्लब परत जिंकतो, परत जातो. तुमच्या १.८६२ कोटी युरोंनी तुम्ही आणखी तीन देशांत लुडोगोरेट्स तयार करताय.

जागरे

हा मुद्दा भारी आहे आणि त्यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. देशातल्या बाकीच्या क्लबांना मिळणारा वाटा वाढवा, म्हणजे विजेत्याने आणलेल्या पैशातला मोठा हिस्सा लीगमध्ये वाटला जावा. पण हाच प्रश्न मोठ्या लीगनाही विचारायला हवा ना? बायर्नने २०१३ ते २०२३ सलग अकरा बुंडेसलिगा जिंकल्या. ते लुडोगोरेट्सपेक्षा वेगळं कसं? फक्त शून्यं जास्त.

आणि पुण्याईवर जागा देण्याबद्दल एक आठवण. २०२० च्या मार्चमध्ये युव्हेंटसचे अध्यक्ष आणि क्लबांच्या संघटनेचे प्रमुख आंद्रेआ आन्येल्ली यांनी जाहीरपणे विचारलं होतं की अटलांटासारख्या इतिहास नसलेल्या क्लबाला एका चांगल्या मोसमावर थेट प्रवेश मिळणं योग्य आहे का. चार वर्षांनी डब्लिनमध्ये अटलांटाने युरोपा लीगचा अंतिम सामना जिंकला. लेव्हरकुसेन त्या मोसमात तोवर एकही सामना हरलं नव्हतं, त्यांना ३-०. लुकमनची हॅटट्रिक. आन्येल्ली तोवर सुपर लीगच्या नादात क्लबांच्या संघटनेचं प्रमुखपद घालवून बसले होते.

मडगांवचो भुरगो

थोडं अवांतर, पण अगदीच नाही. आमच्या आशियानेही २०२४ पासून हीच नक्कल केली. एएफसी चॅम्पियन्स लीग एलिट, पूर्वेला बारा संघ, पश्चिमेला बारा, प्रत्येकाचे आठ सामने, दोन्हीकडे एकेकच तक्ता. फरक एवढाच की उपांत्यपूर्व फेरीपासून सगळं जेद्दाहला, सौदीच्या अंगणात.

भारतीय क्लबांना त्यात थेट जागा नाही. एफसी गोवा २०२५ मध्ये सुपर कप जिंकून दुसऱ्या पातळीच्या स्पर्धेच्या पात्रता सामन्याला पोचलं, फातोर्ड्याला ओमानच्या अल सीबला २-१ ने हरवून गटात शिरलं. त्या एका सामन्यासाठी जे वातावरण होतं ते मी लीगच्या सामन्यांना फार कमी पाहिलंय. पुढे अल नस्र आलं, रोनाल्डो आला नाही, आम्ही १-२ ने हरलो. पण ह्या गावात अल नस्र यायला लागलं, ते एका बाद स्पर्धेच्या करंडकामुळे. क्रमवारीवर सोडलं असतं तर सौदीचा पाचवा संघ अजून कुठेतरी खेळत असता. जागरे बाब, तुमच्या बाजूने माझं मत.

पिवळी_भिंत

कझाकस्तानच्या कैरातचं उदाहरण यात घ्यायला हवं. अल्माटीहून लिस्बनला स्पोर्टिंगशी खेळायला जवळजवळ सात हजार किलोमीटर, अल्माटीपासून मुंबई त्याहून कितीतरी जवळ. सेल्टिकला पेनल्टीवर काढून २०२५-२६ ला पहिल्यांदा आत आले. घरी रेआल माद्रिदकडून ०-५. कॉफीवाले म्हणतील बघा, पुन्हा तेच. पण त्याच महिन्यात अझरबैजानच्या काराबागने लिस्बनला जाऊन बेनफिकाला ३-२ ने हरवलं. दोन गोलांनी मागे पडून.

कडवट कॉफी

काराबागचा सामना मी बघितला, मान्य, मजा आली. बरं, रेआल-कैरात आपल्याकडे रात्री सव्वादहाला होता, जेवताना बघून झाला. छोटे संघ पूर्वेकडचे असतील तर माझी हरकत मागे घेतो. 😏

गणिती

जागरेंच्या प्रस्तावाची बेरीज करून बघितली. आत्ता थेट प्रवेश २९: दोन गतविजेते, पहिल्या चार देशांचे सोळा, पाचव्याचे तीन, सहाव्याचे दोन, सातव्या ते दहाव्याचे एकेक, आणि कामगिरीचे दोन. बाकी पाच विजेत्यांच्या मार्गाने, दोन बिगर-विजेत्यांच्या. प्रस्तावात थेट २६, विजेत्यांच्या मार्गाने ५, दुसऱ्या मार्गाने ५. बेरीज जुळते.

पण त्या पाचमध्ये चार मोठ्या लीगचे चौथे संघ उतरणार. बहुतेक चारही आत येतील. म्हणजे मोठ्यांची खरी घट दोन जागांची. एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

जागरे

बहुतेक येतील, सगळे नाही. फरक तिथेच आहे. २००५ ला एव्हर्टन चौथं येऊन व्हिलारेआलकडून पात्रता फेरीत हरलं. २०१४ ला नापोली बिल्बाओकडून हरलं. वेंगर यांचं आर्सेनल उदिनेजे, फेनरबाचे, बेशिक्ताश यांच्याशी ऑगस्टमध्ये घाम गाळून आत यायचं, आणि इस्तंबूलच्या त्या रात्री कुणाला दुय्यम वाटल्या नाहीत. २०१८ नंतर ते बंद झालं. आणि २०१८-१९ मधलं आयाक्स? पात्रता फेऱ्यांच्या तीन लढती खेळून आत आलं, माद्रिद आणि युव्हेंटसला त्यांच्या घरी जाऊन हरवलं आणि अंतिम फेरीपासून काही सेकंद दूर राहिलं. ऑगस्टमध्ये खेळल्याने कुणी मरत नाही.

ऑफसाइड आबा

मी मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून मीच थोडं पुढे नेतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये चार-चार थेट जागांचा करार जाहीर झाला तेव्हा उएफाला अध्यक्षच नव्हता, प्लातिनींवर बंदी होती. तीन आठवड्यांनी अलेक्सांदर चेफेरिन निवडून आले, स्लोव्हेनियाचे, ४२ विरुद्ध १३ मतांनी. छोट्या देशांची मतं. त्यांनी त्या करारावर टीकाही केली होती. करार तसाच राहिला. एक देश एक मत असलं तरी सगळ्या ५५ देशांचं बजेट त्या स्पर्धेच्या टीव्ही हक्कांतून येतं, आणि ते हक्क विकले जातात माद्रिद-लिव्हरपूलच्या नावावर. रंकाळाभाऊ, प्लातिनींनी मार्ग वेगळे केले ते खरं, पण मोठ्यांच्या थेट जागेला त्यांनीही हात लावला नाही. उलट तिसऱ्या संघालाही थेट आत घेतलं, तेव्हाच जमलं.

रंकाळा विंगर

म्हणजे देवाणघेवाण. मग जागरे, चौथ्याच्या चार जागा आत्ता सोडा, त्या सुटणार नाहीत. कामगिरीच्या दोन तेवढ्या मागा. त्यावर हक्क सांगणारा ठरावीक देश नाही, दरवर्षी बदलतो, त्यामुळे त्यासाठी जीव तोडून भांडणारं कुणी नाही.

जागरे

हे पटलं. दोन जागा विजेत्यांच्या मार्गाला, म्हणजे पाचाच्या सात. सध्याचं पैशाचं चक्र २०२७ ला संपतंय, तोवर बदल शक्य नाही. पण पहिल्या वर्षानंतर लगेच एक नियम बदललाच की: आर्सेनल तिसरं येऊनही उपांत्य फेरीचा दुसरा सामना पॅरिसला जाऊन खेळलं, बार्सिलोना दुसरं येऊनही मिलानला गेलं. ओरडा झाला आणि २०२५-२६ पासून पहिल्या चारांना उपांत्यपूर्व फेरीत, पहिल्या दोघांना उपांत्य फेरीतही दुसरा सामना घरी. मोठ्या क्लबांची अडचण असली की चार महिन्यांत नियम बदलतो, तारीख लिहून ठेवा.

पिवळी_भिंत

पाचाच्या सात झाल्या तर आम्ही पाचवे आल्यावर युरोपा लीगमध्ये. गुरुवारच्या रात्री. चालेल मला, पण भिंतीवर विचारून सांगते.

कडवट कॉफी

गुरुवारी चालतंय, शुक्रवारी मी घरून काम करतो.